दादाने ठेवला तेवढाच आवाज

ज्या माणसाने चोवीस वर्षं लोकांचे तराजू तपासले, त्याला एक बटण सांभाळता येऊ नये, याला काय म्हणावं? धाकटे याला दैव म्हणत. त्यांची बायको याला 'यांचा स्वभाव' म्हणे. दोघांचंही थोडंथोडं खरं होतं, पण त्यामुळे बटण काही जागेवर येत नव्हतं.

धाकटे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. वय एक्कावन्न, डोक्यावर मोजता येतील इतकेच केस, तरी घरात आणि इमारतीत सगळे त्यांना धाकटेच म्हणत, कारण त्यांना एक थोरला भाऊ होता. होता, असंच आता म्हणायचं. दादा चार महिन्यांपूर्वी गेला. छापखान्यातली सकाळपाळी करून दुपारी घरी आला, गिटार घेऊन बसला, मग ती स्टँडवर ठेवली, तोंड धुतलं, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. ना आरडाओरडा, ना डॉक्टरची धावपळ. जाताना माणसाने घरच्यांना थोडी तरी गडबड करू द्यावी, असं धाकट्यांना राहून राहून वाटे.

दादा वाजवायचा ती बेस गिटार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर ही चार जाड तारांची, लांब मानेची गिटार असते आणि ऑर्केस्ट्रात तिची अवस्था घरातल्या मोलकरणीपेक्षा वाईट. मोलकरीण आली नाही तर निदान कळतं तरी. गाणं संपलं की टाळ्या गाणाऱ्याला, शिट्ट्या ड्रमवाल्याला आणि वायरी गुंडाळायचं काम बेसवाल्याला. धाकटे बारा वर्षांपूर्वी एकदाच दादाच्या कार्यक्रमाला गेले होते. तिसऱ्या रांगेत बसले आणि अडीच तास कान टवकारून दादाला शोधत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "दादा, तुझं काही ऐकूच येत नव्हतं रे. आवाज वाढव की जरा."

दादा हसून म्हणाला, "धाकट्या, मी ऐकू आलो म्हणजे समज, कुणाचं तरी काहीतरी चुकतंय."

ही सबब आहे, असं धाकट्यांनी मनात ठरवून टाकलं आणि परत कधी कार्यक्रमाला गेले नाहीत. दर वेळी दादा बोलवायचा, दर वेळी यांना तपासणी दौरा असायचा.

तर झालं असं, की वहिनींच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. गवंडी म्हणाला, दहा दिवस खोली रिकामी पाहिजे. वहिनी लेकीकडे जायला निघाल्या आणि जाताना गिटार, तिची पिशवी, स्टँड आणि स्पीकरचा खोका रिक्षात घालून धाकट्यांकडे आल्या.

"भाऊजी, एवढं दहा दिवस सांभाळाल?"

"वहिनी, हे काय विचारणं झालं?"

"एकच सांगते." वहिनींनी गिटारवरच्या तीन काळ्या बटणांपैकी पहिलं दाखवलं, बोट न लावता. "हे आवाजाचं. याला हात लावू नका. त्यांनी शेवटचं जिथे ठेवलं तिथेच आहे ते. पुसतानासुद्धा मी तेवढं सोडून पुसते."

वहिनी रुग्णालयात परिचारिका. जन्मभर रात्रपाळ्या केलेली बाई, सहसा कशाला हळवी होत नसे. पण हे सांगताना त्यांनी धाकट्यांकडे पाहिलं नाही. डोळ्यांखाली ही मोठी काळी वर्तुळं होती. भरून आलं की धाकटे खात्याच्या भाषेत बोलत. म्हणाले, "वहिनी, सील लागलं समजा."

सील तिसऱ्या दिवशी तुटलं.

दोष द्यायचाच तर स्वच्छतेला द्यावा लागेल. सुटीची सकाळ होती. धाकटे मऊ फडकं घेऊन गिटार पुसत होते. सगळी लखलखीत झाली आणि ते एक बटण तेवढं चार महिन्यांच्या धुळीने पांढुरकं राहिलं. ते त्यांना बघवेना. फक्त वरून, अलगद, फुंकर मारल्यासारखं फडकं फिरवू, असं त्यांनी ठरवलं. फडकं फिरलंही अलगद. पण मग हाताने जे केलं ते धाकट्यांनी केलंच नाही, त्यांच्या नोकरीने केलं. तराजू असो, पेट्रोलचा पंप असो की दवाखान्यातला वजनकाटा, निरीक्षकाने हातात घेतल्यावर आधी शून्य बघायचं, मग पूर्ण भार बघायचा. चोवीस वर्षं हेच केलेला हात. त्याने बटण एका टोकाला नेलं, थांबेपर्यंत. मग दुसऱ्या टोकाला नेलं, थांबेपर्यंत. मग समाधानाने मागे आणून सोडलं, कुठेतरी मधे.

'कुठेतरी मधे' हे शब्द धाकट्यांनी आयुष्यात एकाही अहवालात लिहिले नव्हते. ते जमिनीवर बसले ते बसलेच.

बायको भांडी पुसत बाहेर आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, बटण पाहिलं, फडकं पाहिलं. पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

"वहिनींना फोन लावा आणि सांगून टाका."

"काय सांगू?"

"चुकून फिरलं म्हणावं."

"चुकून? निरीक्षकाच्या हातून चुकून?"

"मग मुद्दाम फिरवलं म्हणून सांगा," बायको म्हणाली आणि पदराने डोळे टिपत आत गेली. दादा तिचाही लाडका होता.

फोन करायचा धीर झाला नाही. धाकट्यांनी त्याऐवजी खालच्या मजल्यावर जायची चूक केली. तिथे आरेखककाका राहत. उभी हयात नकाशे आखण्यात घालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ कुणी काही मोजायला बोलवील म्हणून सात वर्षं टपून बसला होता. कोनमापक, भिंग आणि टोकदार पेन्सिल घेऊन काका पायऱ्या दोन-दोन चढत आले.

"खूण कुठाय?" भिंगातून बघत त्यांनी विचारलं.

"कसली?"

"बटणावर पांढरी रेघ असते, कुठे वळलंय ते कळायला. याच्यावर नाही. अंगठा लागून लागून गेलेली दिसते." काकांनी भिंग खाली ठेवलं. "हरकत नाही. धूळ होती ना? कुठल्या बाजूला जास्त होती?"

"पुसली."

"सगळी?"

"मी काम अर्धवट ठेवत नाही," धाकटे म्हणाले, आणि म्हणताना त्यांना स्वतःची चीड आली.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी सरासरी काढायचा सल्ला दिला. कशाची, ते सांगितलं नाही. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याचा मिक्सर असाच बिघडला होता. आणि शेवटी काकांनीच तो सल्ला दिला जो प्रत्येक जण मनात धरून होता: "अहो, ठेवा बरोबर मधोमध आणि विसरा. वहिनींना काय कळणार आहे?"

धाकटे ताडकन उभे राहिले. ग्राहकाला काय कळणार आहे, या एका वाक्यावर त्यांनी आजवर कित्येक दुकानदारांना कोर्टात खेचलं होतं. काकांना त्यांनी चहा न पाजता जिना दाखवला. हा अपमान काका अजून विसरलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धाकट्यांना कचेरीतल्या प्रयोगशाळेची आठवण झाली. तिथे सूक्ष्मदर्शक होता. बटणाच्या आत एक पट्टी असते आणि तिच्यावर काटा सरकतो, हे त्यांना माहीत होतं. काटा जिथे जास्त वर्षं टेकला तिथे झीज असणार, आणि झीज मोजणं तर खात्याचं कामच. पण बाहेरची वस्तू प्रयोगशाळेत न्यायची तर अर्ज हवा. तो अर्ज बारा वर्षांपूर्वी स्वतः धाकट्यांनीच तयार केला होता, आणि इतका कडक तयार केला होता की त्यातून आजवर एकही वस्तू आत गेली नव्हती.

'वस्तू काय मोजते?' या रकान्यात त्यांनी 'आवाज' लिहिलं. साहेब म्हणाले, आवाज आपल्याकडे येत नाही, तो प्रदूषणवाल्यांकडे. त्यांनी खोडून 'लांबी (पट्टीची)' लिहिलं. ते चाललं. 'मालकाची सही' या रकान्यावर गाडी अडली.

"मालक हयात नाहीत," धाकटे म्हणाले.

"मग वारसाची संमती जोडा. तुम्हीच नियम केलाय." साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "राहू दे ते. मी डोळेझाक करतो. पण हे एक भरावं लागेल बुवा, त्याशिवाय पुढे जात नाही." त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'वस्तूची मूळ स्थिती नमूद करावी.'

धाकट्यांनी पेन टेकवलं. बराच वेळ तसंच धरलं. मग अर्जाची नीट चौघडी करून खिशात घातली, प्रसाधनगृहात गेले, नळ पूर्ण सोडला आणि रडले. दादा गेल्यापासून ते रडले नव्हते. तेव्हा इतकी कामं होती, दाखले, सह्या, फोन, की ते करून घ्यायचं राहूनच गेलं होतं.

त्या रात्री बायकोला गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात ऑर्केस्ट्राचं कार्ड सापडलं. धाकट्यांनी कार्डावरचे तिन्ही नंबर फिरवले. दादाशेजारी उभी राहिलेली माणसं, त्यांना तरी माहीत असेल, दादा बटण कुठे ठेवायचा. शनिवारी दुपारी तीन वाजता तिघं आली.

ड्रमवाला दिवसा चष्म्याच्या दुकानात असे. त्याला सगळे ठोके म्हणत. कीबोर्डवाले मास्तर खरं तर शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, पण वाजवतात म्हणून मास्तर. आणि गाणाऱ्या बाई शिवणकाम करत. चार महिने त्यांचे कार्यक्रम बंद होते. नवा बेसवाला का घेतला नाही, असं धाकट्यांनी विचारल्यावर तिघंही एकदम तिसरीकडेच बघू लागली.

मास्तरांनी गिटारची वायर खोक्यात खोचली. त्यांना बेस येत नव्हती, पण तार छेडण्याइतकी अक्कल होती.

"यात शोधायचंय काय?" ठोके म्हणाला. "बटण पूर्ण उघडं. कायम. दादा म्हणायचे, जोर बटणात नसतो, बोटात असतो. हळू हवं तर हळू छेडायचं. मास्तर, पूर्ण फिरवा."

मास्तरांनी फिरवलं आणि तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या, कपाटातल्या बश्या बोलू लागल्या आणि खालून काकांनी छताला काठी ठोकली.

"छे, छे, छे," मास्तर म्हणाले. "पूर्ण कधीच नाही. पाऊण. पाव भाग तो राखून ठेवायचा. रिकाम्या हॉलमध्ये तालीम केली आणि रात्री हॉल भरला की आवाज बसतो. माणसं पितात आवाज. तेव्हा तो पाव भाग काढायचा. नाहीतर त्या खोक्यापर्यंत चालत जावं लागतं, गाणं सोडून."

"तुमच्यासाठी काढायचे दादा तो पाव भाग!" ठोके उसळला. "तुमचा डावा हात गळाठायचा म्हणून. मला माहीत नाही का?"

मास्तर उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि तू लय पळवायचास तेव्हा तुला मागे कोण ओढायचं? तूच म्हणायचास ना, दादांचा आवाज आला की भान येतं?"

"दोघंही चुकताय," बाई म्हणाल्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. "माझ्यासाठी ते अर्ध्यावर असायचं. दोन वर्षं झाली, तिसऱ्या कडव्याला मला दम पुरत नाही. तुम्हा दोघांना कळलं नाही कधी. त्यांना कळलं होतं. मी सुरू केलं की दादा ते अर्ध्यावर आणायचे, मला ओरडावं लागू नये म्हणून. आणि दम तुटला की करंगळीने वाढवायचे. लोकांना वाटायचं, काय छान थांबली! मी श्वास घेत असायची हो."

धाकटे ऐकत होते. तिसऱ्या रांगेत अडीच तास बसून आपण काय ऐकलं, हे ते स्वतःलाच विचारत होते. भाऊ त्यांचा, आणि माहिती या तिघांकडे. मग तिघांचं जोरात जुंपलं. पूर्ण, पाऊण, अर्धा, पुन्हा पूर्ण. मास्तर बटण फिरवत होते, काचा थरथरत होत्या, काका काठी ठोकत होते. या गदारोळात दाराची घंटा कुणाला ऐकू आली नाही. बायकोने दार उघडलं तेव्हा पिशवी हातात घेऊन वहिनी उभ्या होत्या. गवंड्याचं काम लवकर आटपलं होतं.

वहिनींची नजर मास्तरांच्या बोटांवर गेली. बोटं बटणावर होती.

"वहिनी," धाकटे पुढे झाले, "यांचा दोष नाही. मीच. तिसऱ्याच दिवशी. पुसताना माझ्या हाताने फिरवलं. कुठे होतं ते मला सांगता येत नाही."

वहिनी खुर्चीवर बसल्या. पिशवी मांडीवरच राहिली. "एवढं एकच मागितलं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"आम्ही काढतोय शोधून," ठोके गडबडीने म्हणाला. "तुम्ही ऐका आणि सांगा फक्त. मास्तर, पूर्ण."

तार वाजली. वहिनी दचकल्या. "नाही हो. इतकं नाही."

"बघा, पाऊण," मास्तर म्हणाले आणि पुन्हा छेडली.

"कमी करा."

बाईंनी ठोक्याकडे विजयाने पाहिलं. मास्तरांनी अर्ध्यावर आणलं.

"अजून कमी."

"याहून कमी तर कार्यक्रमात..."

"अजून."

मास्तर फिरवत गेले. पाव राहिला, पावाचाही पाव राहिला. वहिनी डोळे मिटून मान हलवत होत्या, अजून, अजून. शेवटी बटण टोकाला टेकलं आणि थांबलं. खोक्यातून आता काहीच येत नव्हतं. मास्तरांनी गोंधळून धाकट्यांकडे पाहिलं आणि तरी तार छेडली. नुसत्या तारेचा आवाज आला. लाकडावर नखाने टकटक करावं तेवढाच, बंद दाराआडून यावा तसा.

"हां," वहिनी म्हणाल्या. "हेच. थांबू नका."

मास्तर छेडत राहिले. वहिनी डोळे न उघडता बोलत होत्या. "मी रात्रपाळी करून यायचे, दुपारी झोपायचे. ते तीन ते पाच वाजवायचे, पलंगाशेजारी बसून. बटण बंद करून. सव्वीस वर्षं. मी कितीदा म्हटलं, मला चालेल हो, उघडा थोडं. म्हणायचे, तू झोप. यांचा खरा आवाज मी कधी ऐकलाच नाही. रविवारी कार्यक्रम, रविवारी माझी पाळी. मला एवढाच माहीत. यावरच झोप लागायची मला. चार महिने..." त्या थांबल्या. "चार महिने डोळ्याला डोळा नाही, भाऊजी. गोळ्या घेऊन बघितल्या."

टक, टक, टक, टक. थोड्या वेळाने वहिनींच्या मांडीवरची पिशवी घसरली. बाईंनी ती जमिनीवर पडायच्या आत झेलली. वहिनींची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास लांब लांब येत होता.

आता खोलीत पाच मोठी माणसं जागी होती आणि एकालाही हलायची हिंमत नव्हती. ठोक्याला शिंक आली ती त्याने दोन्ही हातांनी नाक दाबून आतल्या आत जिरवली, डोळ्यांतून पाणी काढून. खालून काका तक्रार करायला वर आले. धाकट्यांच्या बायकोने दारातच ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि आल्या पावली परत गेले.

पाव तास झाला. मास्तरांची बोटं कीबोर्डाच्या पट्ट्यांना सरावलेली. जाड तारेने ती सोलवटली. त्यांनी केविलवाण्या नजरेने इकडेतिकडे पाहिलं. धाकटे गुडघ्यांवर सरकत पुढे आले आणि गिटार, एक ठोकाही न चुकवता, आपल्या मांडीवर घेतली. त्यांना सूर कळत नव्हता, ताल कळत नव्हता. त्यांनी एकच तार धरली. लय पळू लागली की समोरून ठोके हवेत बोट हलवून त्यांना मागे ओढे, आणि धाकटे ओढले जात. बोटाला फोड आला, मग तो फुटला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

पाचच्या सुमाराला वहिनींनी झोपेतच मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"झालं का हो तुमचं?" त्या पुटपुटल्या.

याचं उत्तर द्यायचा हक्क त्या खोलीत कुणालाच नव्हता. धाकटे वाजवत राहिले.